कानातला समुद्रफेस

गजूचा डावा कान वाहतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. मी आज स्पष्ट लिहिते, कारण न बोलल्यानं कुणाचा कान बरा झालेला मी पाहिलेला नाही. गजू माझा धाकटा भाऊ. आम्ही मूळचे पिशोरचे. अण्णांनी शेत भावाच्या हवाली केलं आणि तेव्हाच्या औरंगाबादेत, छावणीत, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. लष्कराच्या मेसला भाजी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडं ते वजनकाट्यावर उभे राहायचे. घर नूरचाचांचं होतं. पुढच्या अंगाला चाचा आणि त्यांचं कुटुंब, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मधे फरशीचं अंगण. अंगणात एक नळ, एक पेरू आणि चाचांच्या लव्हबर्डचा मोठा पिंजरा. पहाटे आधी अजान, मग लष्कराच्या लाइनीतला बिगुल, मग ती चिमूटभर पाखरं एकदम कालवा करायची, आणि त्या कालव्यात माय भाकरी थापायची त्याचा आवाज मिसळायचा. गजूला यातलं किती ऐकू यायचं, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

पिशोरला असताना लहानपणी ओढ्यात डुंबताना कानात पाणी गेलं, ताप भरला, कान फुटला, तो फुटलेलाच राहिला. सर्दी झाली की वाहायचा. माय त्याच्या उशीचा अभ्रा वेगळा धुवायची आणि दोरीवर आतल्या बाजूला, लुगड्यामागं वाळत घालायची. गजूनं मात्र स्वतःपुरती एक व्यवस्था लावून घेतली होती, आणि ती इतकी चोख होती की बाहेरच्याला पत्ता लागायचा नाही. कुणाहीबरोबर चालताना तो डाव्या हाताला चालायचा, म्हणजे बोलणारा आपोआप त्याच्या उजव्या कानाशी यायचा. जेवायला बसताना डावं अंग भिंतीला. शाळेत डाव्या भिंतीलगतचा बाक. समोरचा बोलायला लागला की तो त्याच्या ओठांकडं टक लावून बघायचा, आणि लोक म्हणायचे, पोरगं लई चौकस हाय, नीट तोंडाकडं बघून ऐकतंय. माय हे कौतुक ऐकायची आणि मान खाली घालून तांदूळ निवडायची.

अण्णांना गजूला फौजेत घालायचं होतं. हे वेड त्यांना कुठून लागलं, ते आम्हाला इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की आम्ही दोघं त्यांच्या आधी वाक्यं पुरी करायचो. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी ते मांडीवरचं पोर होते, आणि कन्नडच्या रस्त्यानं फौजेच्या गाड्या जाताना चुलत्यानं त्यांना खांद्यावर घेऊन दाखवल्या होत्या. मांडीवरच्या पोराला असं काही आठवत नसतं. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणायची. अण्णा म्हणायचे, "तुला नसंल आठवत. मला धूळ सुदीक आठवती." रोज ते जवानांच्या ताटातली भेंडी-वांगी तोलायचे, आणि आपलं पोर एक दिवस त्या ताटावर बसेल असं त्यांना वाटायचं. गजूलाही तेच हवं होतं, अण्णांपेक्षा जास्त हवं होतं. तो अंधारात उठून पळायला जायचा, आल्यावर भिजवलेले हरभरे आणि गूळ खायचा, येसराच्या आमटीत तीन भाकरी कुस्करून बसायचा, आणि माय त्याच्याकडं अशी बघायची की जणू भाकरी तिच्याच पोटात चालल्यात.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, प्राणीशास्त्र घेऊन. आणि पत्रकं वाटत होते. आमचा पाचसहा पोरापोरींचा गट होता. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून आम्ही जगाला शहाणं करायला निघालो होतो. ताईत, गंडे, भोंदू बाबा, अंगात येणं, सगळ्यांवर एकेक पान. भाषा माझी असायची, कारण माझी जीभ तिखट होती. ती आजही आहे. एका पानाचा मथळा होता: ‘कान हे भांडं नाही. त्यात तेल, दूध, रस, चूर्ण काही ओतू नका.’ हे पान मी गजूला डोळ्यांपुढं ठेवून लिहिलं होतं, पण त्याला तसं सांगितलं नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत, पिवळट पडलेल्या औषधात, एक सेपिया बुडवून ठेवलेला होता. कोकणात त्याला माकूल म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. माझा समुद्र म्हणजे ती बरणी. पण बाई शिकवायला लागल्या आणि मी वही मिटून नुसतं ऐकत बसले. या प्राण्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं असतं. त्याच्या कातडीत रंगाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीला बारीक स्नायू जोडलेले. ते ताणले की रंग पसरतो, सैल सोडले की टिंब होऊन जातो. वाळूवर बसला की डोळ्याचं पातं लवेपर्यंत वाळू होतो, खडकावर खडक होतो. आणि स्वतः त्याला रंग ओळखता येत नाहीत! ज्या रंगात तो लपतो तो रंग त्याला दिसतच नसावा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. अगदीच गाठला गेला तर शाई सोडतो आणि त्या काळोखाआडून मागच्या मागं सटकतो. पाठीच्या आत एक पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड. त्या हाडात कागदासारख्या पडद्यांनी केलेल्या शेकडो खोल्या. काही खोल्यांत हवा, काहींत पाणी. वर जायचं तर खोल्यांतलं पाणी शोषून बाहेर टाकायचं, खाली जायचं तर आत येऊ द्यायचं. पोहण्याची मेहनत न करता तो पाण्यात हव्या त्या पातळीवर तरंगत राहतो. मात्र याला हद्द आहे. फार खोल गेला तर वरच्या पाण्याच्या दाबानं ते हाड चिरडतं. बाईंनी ते हाड आमच्या हातात फिरवलं, आणि ते माझ्या तळहातावर आलं तेव्हा मला हसू फुटलं. हे तर आमच्या अंगणात होतं. नूरचाचांच्या पिंजऱ्याला तारेनं बांधलेलं. पाखरं त्यावर चोच घासायची आणि चुना खायची.

घरी आले ती थेट पिंजऱ्याशी. चाचा खुर्चीत बसून पाखरांचं पाणी बदलत होते.

"चाचा, हे काय आहे?"

"समुंदर का झाग है बेटा. लहरां किनारे पे आके सूख जाते, जम के ऐसा होता."

"नाही चाचा. हे हाड आहे. एका प्राण्याचं. त्याला तीन हृदयं असतात."

"तीन दिल!" चाचांनी पाण्याची वाटी खाली ठेवली. "अगे, अपने एक दिल ने इत्ता हैरान करके छोड़ा. उस गरीब का क्या हाल होता होएंगा!"

माय चुलीपासून म्हणाली, "हाडूक असो का फेस, पाखरं खातेत ना? मग झालं." तिच्या माहेरी त्याला समुद्रफेस म्हणायचे. सिल्लोडच्या बाजारात काष्ठौषधीवाला विकायचा, बाळाच्या वाहत्या कानासाठी. हे ती म्हणाली आणि लगेच गप्प झाली. गजू तिथंच नळाशेजारच्या हौदावर बसून पायातले बूट काढत होता. तो माझ्या ओठांकडं बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं, खोल्या, पाणी, हवा, रंग, शाई. तो इतका मन लावून कधी काही ऐकत नसे. "म्हन्जे अक्का," तो म्हणाला, "ते जिथं बसंल तसं दिसतंय?" मी व्हय म्हटलं. "आन् कुनालाच कळत नाय?" मी म्हटलं, कळलं तर खाल्लं जातं.

भरती छावणीच्याच मैदानावर झाली. गजू पळण्यात पहिल्या टोळीत आला, दांडीवर लटकून त्यानं छाती वर ओढली ती बघून रांगेतली पोरं ओरडली. अण्णांनी त्या दिवशी काट्यावर दोनदा चूक केली आणि ठेकेदार त्यांना काही बोलला नाही. मग डॉक्टरी तपासणी. तिथं डाव्या हाताला उभं राहण्याची सोय नसते. डॉक्टरनं कानात दिवा घातला, स्राव दिसला, आणि काही आठवड्यांनी लष्कराच्या दवाखान्यात पुन्हा दाखवायला ये म्हणून सांगितलं. कायमचा नापास केलं नव्हतं. एक फट उघडी ठेवली होती, आणि आमचं सगळं घर त्या फटीत जाऊन बसलं.

मी त्याला आणि अण्णांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. मला खात्री होती. मी पत्रकातली मुलगी होते, योग्य ठिकाणी योग्य वेळी गेलं की योग्य होतं, असं मी लोकांना छापून सांगत होते. तिथली डॉक्टर माझ्याहून फार मोठी नव्हती, दमलेली होती, पण तिनं नीट तपासलं. म्हणाली, पडद्याला भोक आहे, मोठं आहे, जुनं आहे. ऑपरेशन करता येतं. आधी कान कोरडा व्हायला हवा, मग नंबर लागेल.

अण्णांनी विचारलं, "फौजेच्या तपासणीआधी होईल का, बाई?"

"काका, त्याच्या आधी कसं होणार? आणि झालं तरी फौजेत घेतील का, ते मी नाही सांगू शकत."

"मग तुम्ही काय सांगू शकता?" अण्णा भांडत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं कानात घालायचे थेंब लिहून दिले. ती खोटं बोलली नाही, आणि खरं बोलून तिनं आमच्या हातात काही दिलंही नाही. आज मी व्यासपीठावरून आरोग्यव्यवस्थेबद्दल तावातावानं बोलते, तेव्हा समोर मला अण्णा दिसतात, हातातली टोपी चुरगाळत उभे.

थेंब नेमानं घातले. मी स्वतः घातले. ओल कमी झाली, पण गेली नाही. तपासणी जवळ यायला लागली, आणि एका दुपारी मी कॉलेजातून आले तर ती उंबऱ्यात बसलेली. पुढ्यात खलबत्ता. चाचांकडून मागून आणलेला समुद्रफेस कुटून, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून, तिनं पिठासारखं चूर्ण केलं होतं. गजू तिच्या मांडीवर डोकं ठेवून उजव्या कुशीवर पडला होता आणि ती कागदाच्या सुरळीतून ते चूर्ण त्याच्या कानात फुंकत होती.

"माय, काय करायलीस?"

"दिसत नाय का? वाळवायलेय."

"ते आत जाऊन बसेल. ओल लागली की त्याचा गोळा होईल. पडदा फाटलाय, ते आणखी आत जाईल."

"तुझ्या थेंबांनी काय केलं?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"सांग ना. वाहायचं थांबलं का?"

"पुरतं नाही."

"मग तुझ्याकडं दुसरं काय हाय का? हाय तर दे. ही सुरळी आत्ता फेकून देते आन् तुझं घालते. दे."

माझ्याकडं नव्हतं. पिशवीत पत्रकं होती. माझं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं, आणि माझ्या भावाला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ही अवस्था मी नंतर पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ माणसांसमोर भोगली आहे. पण पहिल्यांदा ती त्या उंबऱ्यात भोगली, आणि तेव्हा मी चिडून मायला अडाणी म्हणाले नाही एवढंच.

गजू मांडीवरूनच बोलला. "अक्का, तूच म्हन्लीस ना, या हाडात बारीक खोल्या असतेत? पानी शोषतेत, भाईर टाकतेत? मग कानातलं बी शोषंल की."

भोंदूबाबाचं वाक्य असतं तर मी चिंध्या केल्या असत्या. हे प्राणीशास्त्र होतं. माझ्याच तोंडून ऐकलेलं, त्यानं आपल्या गरजेपुरतं कापून घेतलेलं. मी त्याच्याजवळ बसले आणि सांगितलं की ते जिवंत असताना होतं, गजू. त्या हाडाला चिकटून जिवंत कातडी असते, पाणी ती ओढते. मेल्यावर हाड काही करत नाही, तो नुसता चुना असतो.

"असंना का," तो म्हणाला. "चुना बी ओल धरतोच. भिंतीला बघ."

आणि कान कोरडा झाला. हे मला लिहिलं पाहिजे, कारण मी पत्रक लिहीत नाही आहे. दोनतीन दिवसांत अभ्र्यावर डाग पडायचा थांबला. मायनं अभ्रा पहिल्यांदाच बाहेरच्या दोरीवर, सगळ्यांच्या देखत टाकला. चाचांनी आत हाळी दिली, "क्या गजूमियां, सुना तुमने? अब सरहद पे जाके हमको भूलना नको." त्यांच्या घरून नान आणि मटणाच्या खलियाचं भांडं आलं, आणि आम्ही सगळे अंगणात बसून जेवलो. अण्णांनी खलियाच्या वाटीत नान बुडवताना पुन्हा कन्नडच्या रस्त्याची गोष्ट काढली. सगळे खुशीत होते. मला मात्र मनातून वाटत होतं की मी खोटी ठरावी. मनापासून वाटत होतं. माझा सगळा गट, सगळी पत्रकं, बरणीतला सेपिया खोटा ठरावा आणि सिल्लोडचा काष्ठौषधीवाला खरा ठरावा.

तपासणीच्या दिवशी अण्णा आणि मी लष्कराच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबलो. पहारेकरी अण्णांना भाजीवाले म्हणून ओळखत होता, त्यानं त्यांना बसायला सांगितलं. अण्णा बसले नाहीत. फौजेच्या फाटकावर बसायचं नसतं, असं त्यांना वाटत असावं. गजू आत गेला तो ताठ गेला, बाहेर आला तोही ताठच आला, म्हणून अण्णांचा चेहरा क्षणभर उजळला.

मग त्यानं सांगितलं. डॉक्टरनं दिवा घालून बघितलं आणि विचारलं, ये क्या भरा है? गजू म्हणाला, कुछ नहीं साब. डॉक्टरनं मोठ्या पिचकारीनं कोमट पाणी आत सोडलं. चूर्णाचा गोळा होऊन बसला होता, तो सुटून ताटलीत पडला, छोट्या वाटाण्याएवढा, आणि त्याच्यामागं पू. आणि मागं भोक. गजूला इतकी चक्कर आली की सावधानमध्ये उभं राहता येईना. डॉक्टरनं त्याला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. चांगला माणूस होता. म्हणाला, बेटा, मैं इसको कैसे पास करूं? परेड पे हुकूम पीछे से आता है.

येताना आम्ही तिघं छावणीच्या रस्त्यानं चाललो. गजू नेहमीसारखा डाव्या हाताला राहिला नाही. मधेच चालत होता, कसाही. अण्णा त्याच्याशी बोलले की कधी त्याला ऐकू जायचं, कधी नाही, आणि त्यानं ते लपवायचं सोडून दिलं होतं. लपवून लपवून पोरगा दमला होता. तो दमलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

घरी कुणी रडलं नाही. माय खलबत्ता धूत बसली, धुतलेलाच पुन्हा धूत. संध्याकाळी गजू पेरूखाली माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, त्या तुझ्या जनावराला कान असतेत का?"

"नसतात."

"कायच ऐकू येत नाय?"

"डोक्यात दोन बारीक पिशव्या असतात, आत चुन्याचा खडा. त्यानं तोल कळतो, पाण्याची थरथर कळते. आपल्यासारखा आवाज नाही ऐकू येत."

"आन् तरी चालतंय त्याचं?"

"चालतं."

"समुद्रात मेडिकल नसंल," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. मग तो उठून आत गेला, आणि त्याच्या पाठीला मी काहीतरी म्हटलं, ते त्याला ऐकू गेलं नाही.

आमच्या पुस्तकात त्या धड्याचं नाव ‘अनुकूलन’ होतं. परीक्षेत मला त्यावर उत्तम गुण मिळाले. प्राणी परिस्थितीशी कसा जुळवून घेतो, ते मी आकृत्यांसह लिहिलं. पुस्तकात जे लिहिलेलं नसतं ते असं, की ज्यांना जुळवता आलं नाही ते कोट्यवधी मेले, आणि एकेका जिवाला काही कुणी निवड विचारली नव्हती. त्यात समुद्राचा काही दोष नाही, समुद्राला काही कळत नाही. पण माणसांच्या जगात जेव्हा खुर्चीतला माणूस उभ्या माणसाला सांगतो की जमवून घे, तेव्हा माझं डोकं फिरतं. ते आजही फिरतं. वय वाढलं की राग निवतो म्हणतात. मला अजून त्याचा अनुभव नाही.

गजूनं जमवून घेतलं. वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशिनीवर त्याला लगेच घेतलं. तिथं कान कुणी तपासला नाही. उलट मुकादम म्हणाला, बरं आहे, तुला आवाजाचा त्रास कमी होईल. बाकीची पोरं डोकं धरून बसायची, गजू शांतपणे पत्रा सरकवायचा. तिथले लोक हातवाऱ्यांनी बोलतात, ओठ वाचतात. ते सगळं त्याला आधीपासून येत होतं. तो पहिल्या दिवसापासून तिथला दिसायला लागला. मी म्हटलं, कानात बोळे घाल, उजवा तरी जप. मी कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटली, कामगारांच्या कानांवर. लोकांनी ती घेतली, त्यात भजी बांधली असतील. गजू म्हणायचा, बोळे घातले की मशिनीचा ठोका कळत नाय अक्का, मग बोटं जातेल. पुन्हा तेच. माझं बरोबर होतं, आणि त्याचंही बरोबर होतं.

आता त्याचा उजवा कानही बराचसा गेला आहे. सगळं एकदम झालं नाही, म्हणून आम्हालाही जाणवलं नाही. आधी त्याचा फोन त्याची बायको घ्यायला लागली. मग पाखरांचा कालवा त्याला ऐकू येईना, हे त्यानं सहज सांगितलं. माय गेल्या दिवाळीला गेली. शेवटी ती फार हळू बोलायची, आणि तो तिच्या तोंडाशी वाकून बसायचा, पण तिच्या तोंडात दात उरले नव्हते, ओठ आत गेले होते, त्यामुळं त्याला काही वाचता आलं नाही. ती काय म्हणाली ते मी नंतर त्याला सांगितलं. तिनं त्याला जेवलास का असं विचारलं होतं.

त्याची मुलगी चार वर्षांची आहे. बोलायच्या आधी ती माणसाची हनुवटी दोन्ही हातांनी धरते, तोंड आपल्याकडं वळवते, डोळ्यांत बघते आणि मग एकेक शब्द सावकाश बोलते. तिला वाटतं, बोलणं असंच असतं. अंगणवाडीतल्या बाईंचीही तिनं हनुवटी धरली, म्हणून तक्रार आली. परवा मी गेले तर पळत आली, पायांवर चढली आणि माझा चेहरा तिनं आपल्या इवल्या तळव्यांत घट्ट धरला. मला दोन्ही कानांनी ऐकू येतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगणार होते. मग ती बोलायला लागली, आणि मी तशीच वाकून राहिले.